पंधरा थेंब, जेवणाआधी

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी परगावी निघताना बायकोने माझ्यावर एकच काम सोपवलं. 'एकच' या शब्दावर तिने असा जोर दिला, की दोन कामं सोपवावीत एवढी माझी लायकी नाही हे खाली थांबलेल्या टॅक्सीवाल्यालाही कळावं.

काम असं होतं. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या सासरेबुवांना, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अर्ध्या कप पाण्यातून पंधरा थेंब औषध द्यायचं.

"पंधरा. मोजता येतात ना?" ती म्हणाली.

मी विमा कंपनीत आहे. कोणत्या वयात माणसाला काय काय होऊ शकतं याचे तक्ते करतो. दशांश चिन्हाच्या पुढची चार घरं मी रोज तळहाताच्या फोडासारखी जपतो. अशा माणसाला पंधरापर्यंत मोजता येतं का, असं विचारण्यात आलं. मी काही बोललो नाही. अपमान झाला की मी बोलत नाही, फक्त जरा ताठ उभा राहतो. बायकोला वाटतं माझी पाठ दुखते.

"आणि हे बघ," दारात थांबून तिने आवाज खाली आणला. "हा आठवडा बाबा बघणार आहेत. आपल्याकडे कायमचं राहायचं, की परत जाऊन एकटं राहायचं. मागच्या महिन्यात चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले, तर शेजाऱ्यांना दुपारी कळलं. माझा जीव थाऱ्यावर नाही रे. घर त्यांना आवडलंय. मी तर मुलगीच आहे. आता राहिलास तू."

'गळतंय ते छप्पर तेवढं राहिलं' हे लोक ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात ती हे म्हणाली आणि गेली.

सासरेबुवा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत. दुकानदारांचे काटे आणि मापं तपासून त्यांवर शिक्का मारणारं ते खातं. आजही काटा दिसला की ते हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि काटा आपोआप थरथरायला लागतो. आमच्याकडे आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातला काटा, दुधाचं माप आणि मी, असे तिघे तपासले होते. तिघांपैकी कुणावरच शिक्का बसला नव्हता.

तेव्हा या पंधरा थेंबांच्या बाबतीत कुठेही कसर राहू द्यायची नाही असं मी ठरवलं. औषधाच्या बाटलीबरोबर काचेचा ड्रॉपर होता, वर रबरी फुगा, खाली निमुळती नळी. साधा माणूस तो तसाच वापरतो. मी तो आधी निर्जंतुक करायचं ठरवलं. गॅसवर पाणी खळखळून उकळलं आणि ड्रॉपर त्यात सोडला.

'टिच' असा आवाज झाला.

सासरेबुवा स्वयंपाकघराच्या दारात हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. नळीचे तीन तुकडे तळाशी होते आणि रबरी फुगा आनंदात वर तरंगत होता.

"जंतू मेले का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पेपर घेऊन खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "बाबा, काळजी करू नका. मी चमच्याने अंदाजे..."

पेपर खाली आला. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारणारा मी पहिलाच जावई असेन. त्यांना दुसरा जावई नाही ही गोष्ट वेगळी.

"जावईबापू, अंदाजे या शब्दापायी मी अख्ख्या बाजारपेठेचे काटे जप्त केलेत. मोजल्याशिवाय मी काही घेत नाही."

"मग निदान नाश्ता तरी करून घ्या."

"औषध जेवणाआधीचं आहे. औषध झालेलं नाही. म्हणजे जेवणाआधीची वेळ अजून चालू आहे."

या युक्तिवादात मला कुठेच फट सापडेना. मी स्वयंपाकघरात जाऊन, फ्रीजचं दार उघडून, त्याच्या आडोशाला दोन बिस्किटं खाल्ली.

कोपऱ्यावरच्या केमिस्टने माझं ऐकून घेतलं. "नुसता ड्रॉपर मिळत नाही. नवी बाटली घ्या, आत असतो. चिठ्ठी?"

चिठ्ठी बायकोच्या पर्समध्ये होती आणि पर्स तिच्याबरोबर ट्रेनिंगला.

"मग मॅडमना फोटो पाठवायला सांगा."

"ते शक्य नाही."

"भांडण झालंय?"

भांडण झालं नव्हतं. पण ती गेल्याला दीड तास झाला होता. तेवढ्यात तिला 'ड्रॉपर फुटला' असं कळवायचं, म्हणजे त्या छपराने पहिल्याच सरीला मान टाकल्यासारखं झालं असतं. मी ताठ उभा राहिलो. केमिस्टने पाठदुखीचं मलम पुढे केलं. ते मी नाकारलं. शेवटी त्याने खणात हात घालून कानाच्या कुठल्याशा औषधाचा, कधीच न वापरलेला प्लॅस्टिकचा ड्रॉपर काढून दिला.

घरी आलो तर सासरेबुवांनी तो उजेडात धरला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "याचं तोंड मोठं आहे. थेंब मोठा पडणार. म्हणजे पंधरा द्यायचे नाहीत. किती द्यायचे?"

प्रश्न बरोबर होता. मला बरंही वाटलं, कारण आता हा फुटक्या काचेचा विषय राहिला नव्हता, गणिताचा झाला होता. गणितात मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. इथे समोर बायकोचा बाप होता, एवढीच अडचण.

बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सोबतच्याच ड्रॉपरने मोजावे.' त्याखाली मदतीसाठी एक नंबर होता. डॉक्टरांना आधी फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर परिषदेला गेलेत, सोमवारी भेटतील. परिषद कशावर? चक्कर येण्यावर. मग तो मदतीचा नंबर लावला. तक्रार असल्यास एक दाबा, माहिती हवी असल्यास दोन, औषध घेतल्यावर काही त्रास झाल्यास तीन. औषध घेताच येत नसल्यास काय दाबायचं, याचा त्या कंपनीने विचार केलेला नव्हता. मी दोन दाबलं.

"सर, आपला ड्रॉपर आमच्याकडे पाठवा, आम्ही बदलून देऊ," पलीकडची बाई म्हणाली.

"तो फुटलाय."

"फुटला कसा, सर?"

मी सासरेबुवांकडे पाहिलं. ते कान देऊन ऐकत होते. "हाताळताना," मी म्हणालो.

"उकळताना," सासरेबुवा फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाले.

पण बाई भली होती. तिने कुठल्याशा पुस्तकात पाहून सांगितलं, की त्यांच्या मूळ ड्रॉपरने पंधरा थेंब म्हणजे बरोबर अर्धा मिलिलिटर. मी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेने वळलो. आता नव्या ड्रॉपरचे किती थेंब अर्ध्या मिलिलिटरमध्ये बसतात तेवढंच काढायचं होतं. पाच मिलिलिटरचा चमचा घ्यायचा, पाण्याने भरेपर्यंत थेंब मोजायचे, दहाने भागायचं. संपलं.

एव्हाना आमच्या दारातून सल्ल्यांची रहदारी सुरू झाली होती. दार उघडं ठेवलं की आमच्या बिल्डिंगमध्ये हे होतंच. समोरच्या काकू डोकावल्या. "अहो, थेंब कसले मोजताय? आमचे 'हे' बाटली तोंडाला लावतात आणि मी 'बस' म्हणेपर्यंत घेतात."

"मग बरं आहे का काकांना?"

"काय माहीत बाई. सारखे झोपलेलेच असतात."

मग बिल्डिंगचे सेक्रेटरी आले. ते खरं तर आमच्या चपलांचं कपाट जिन्यात येतं अशी तक्रार करायला आले होते, पण थेंबांचं ऐकून त्यांनी कपाटाला तूर्त अभय दिलं. त्यांनी माझं चमच्याचं गणित ऐकलं, जरा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक गोष्ट विसरताय. तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात. इथे जमिनीची ओढ कमी. थेंब उशिरा सुटतो आणि मोठा होतो. औषध तळमजल्यावर मोजलं पाहिजे."

मी सासरेबुवांकडे आशेने पाहिलं. ते गंभीर होते. "याचा काही आकडा आहे का?" त्यांनी विचारलं.

"आकडा नाही, पण अनुभव आहे."

"अनुभवावर शिक्का मारता येत नाही," सासरेबुवा म्हणाले. सेक्रेटरींना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नियमाने हरवलं. ते कपाटाचाही विषय विसरून निघून गेले. माझ्या मनात सासरेबुवांबद्दल प्रेमाचा पहिला अंकुर फुटला तो तिथे.

तो फार वाढला नाही. मी चमचा पाण्याने भरायला घेतला, तोच ते म्हणाले, "पाण्याने?"

"पाण्याने नको?"

"पाण्याचा थेंब वेगळा, औषधाचा वेगळा. या औषधात अल्कोहोल आहे, थेंब लहान पडतो. दूध मोजायचं माप रॉकेलला चालतं का? आणि हा चमचा. याच्यावर शिक्का कुठे आहे?"

मी चमचा उलटसुलट करून पाहिला. आमच्या लग्नात आलेल्या सेटमधला तो चमचा. त्याच्यावर एक फूल होतं.

"फुलाला खात्याची मान्यता नाही," सासरेबुवा म्हणाले आणि चपला घालायला उठले. उठताना त्यांनी खुर्चीची पाठ क्षणभर घट्ट धरली. मी पुढे झालो तर म्हणाले, "काही नाही. चला. माझं जुनं ऑफिस इथून लांब नाही. या शहरातही मी काही वर्षं काढलीत."

वजनमापे कार्यालय एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर होतं. सेक्रेटरींचीही अट त्यामुळे आपोआप पुरी झाली. आत काचेच्या कपाटात पितळी वजनं मापाने बसवलेल्या दातांसारखी ओळीने मांडलेली होती. खिडकीजवळच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू होता. हल्लीचे निरीक्षक कधीकाळी सासरेबुवांच्या हाताखाली शिकाऊ होते. त्यांनी सासरेबुवांना पाहिलं आणि तोंडातला घास न चावता गिळला.

"साहेब! तुम्ही?"

"हा ड्रॉपर तपासायचाय," सासरेबुवा म्हणाले.

निरीक्षकांनी ड्रॉपर तळहातावर घेतला. "साहेब, ड्रॉपर आपल्या यादीत माप म्हणून नाही. ते औषध खात्याकडे जातं."

"औषध खात्यात काय सांगतील?"

"मोजणी आहे म्हटल्यावर आमच्याकडे पाठवतील."

"मग आम्ही ती चक्कर वाचवली असं समजा," सासरेबुवा म्हणाले. सकाळपासून उपाशी, औषधाविना असलेल्या माणसाने चक्कर वाचवल्याचं बोलावं हे मला खटकलं. पण निरीक्षकांचा हात एव्हाना खिडकी बंद करायला गेला होता. वाऱ्याने तराजू हलतो. पंखाही बंद झाला. मग दार.

खोलीत आम्ही चौघे उरलो. चौथा एक भंगारवाला होता. तो आपला मोठा प्लॅटफॉर्म काटा दरवर्षीसारखा शिक्का मारून घ्यायला आणून, घाम पुसत, आपल्या नंबराची वाट बघत बसला होता.

"केवढ्या मालाची मोजणी आहे?" त्याने मला विचारलं.

"थेंबाची."

"तांब्याची?"

"औषधाची."

त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

मोजणी सुरू झाली. इवल्याशा काचेच्या मापात अर्ध्या मिलिलिटरच्या खुणेपर्यंत, घरून आणलेल्या बाटलीतल्या औषधाचे थेंब सोडायचे, मी मोजायचे, मग तराजूवर वजन करून पडताळायचं. सासरेबुवांच्या हाताने अकरा थेंब झाले. निरीक्षकांच्या हाताने दहा, कारण साहेबांपुढे ते एकेक थेंब फारच जपून, हळू सोडत होते. मी सोडले तेव्हा बारा झाले. सासरेबुवा म्हणाले, ड्रॉपर तिरका धरला. परत सरळ धरून. मग निम्म्या भरलेल्या फुग्याने. मग पूर्ण भरलेल्या फुग्याने. "एका मोजणीवर निकाल देणारा निरीक्षक नव्हे, न्हावी," सासरेबुवा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की मला त्यांच्या जागी एक तरुण, बाजारपेठेचा थरकाप उडवणारा माणूस दिसायला लागला. मीही रंगलो. दशांश चिन्हाच्या पुढची माझी चारही घरं तिथे कामाला आली. मध्येच भंगारवाला म्हणाला, "आता मी सोडून बघू?" आणि आम्ही त्यालाही सोडू दिले. त्याचेही अकरा आले. आम्ही तिघांनी त्याचं अभिनंदन केलं.

मोजून झालेलं औषध मी बाटलीत परत ओतायला गेलो तेव्हा सासरेबुवा आणि निरीक्षक एका सुरात ओरडले, "अहो!" चाचणीला काढलेला नमुना परत मालात घालत नाहीत. खात्याचा पहिला नियम. नमुना नष्ट करायचा असतो. निरीक्षकांनी तो खिडकीतल्या कुंडीत नष्ट केला.

अखेर निकाल लागला. या ड्रॉपरने, सरळ धरून, शांतपणे सोडलेले अकरा थेंब म्हणजे बरोबर अर्धा मिलिलिटर. सासरेबुवांनी माझा हात हातात घेऊन दाबला. लग्नातही त्यांनी तो इतका मनापासून दाबला नव्हता.

"द्या मग अकरा थेंब," ते म्हणाले.

मी बाटली तिरकी केली. मग उलटी. मग उजेडात धरली. तळाशी काही नव्हतं. आता जगात कुणालाही माहीत नसेल इतक्या अचूकपणे आम्हाला माहीत होतं, की किती थेंब द्यायचे. थेंब तेवढे नव्हते.

मी समोरच्या इवल्याशा काचेच्या मापाकडे पाहिलं, त्यावरच्या अर्ध्या मिलिलिटरच्या खुणेकडे पाहिलं. तेवढ्या खुणेपर्यंत औषध ओतून सरळ पाजलं असतं तर थेंब मोजायचं कारणच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. वर पाहिलं तर सासरेबुवाही त्याच खुणेकडे बघत होते. आमची नजरानजर झाली. हे कधीही, कुणापाशीही बोलायचं नाही, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं.

मग ते उठून दाराकडे निघाले आणि त्यांचा रंग उतरला. त्यांनी हवेत हात पुढे केला, धरायला काहीतरी शोधणारा. तेज गेलं, त्यांच्यातला निरीक्षक गेला, एक म्हातारा माणूस उरला, ज्याला जमीन सापडत नव्हती. मी दोन ढांगांत पोचलो आणि त्यांना कमरेला धरलं. ते माझ्या अंदाजापेक्षा खूपच हलके होते. जवळची एकमेव बसायची सपाट जागा म्हणजे भंगारवाल्याचा काटा. त्यावर मी त्यांना हळूच टेकवलं आणि माझ्या खांद्याचा आधार दिला.

"बाबा! बाबा, डोळे उघडा."

"उघडेच आहेत," ते पुटपुटले. "सगळं फिरतंय."

त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. एकटे असताना बाथरूममध्ये या बोटांनी काय धरलं असेल, हे माझ्या आजवरच्या एकाही तक्त्यात नव्हतं. मी दुसऱ्या हाताने फोन काढला आणि बायकोला लावला. ताठ उभं राहायला आता जागाच नव्हती.

"चिठ्ठीचा फोटो पाठव," मी म्हणालो. "ड्रॉपर मी उकळून फोडला. औषध मी संपवलं. बाबा उपाशी आहेत आणि त्यांना चक्कर आलीय. मी त्यांना धरलंय. आधी फोटो पाठव, शिव्या नंतर."

शिव्या आल्या नाहीत. फोटो आला. त्याने मी जास्तच घाबरलो. निरीक्षकांना सासरेबुवांच्या मागे उभं केलं आणि केमिस्टच्या दुकानापर्यंत असा धावलो की लोक मागे चोर शोधायला लागले. नवी बाटली घेऊन परत आलो. आत काचेचा अस्सल ड्रॉपर होता. तो मी उकळला नाही.

निरीक्षकांनी अर्धा कप पाणी धरलं. मी मोजायला लागलो. भंगारवाल्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. पंधरावा थेंब पडला तेव्हा तो म्हणाला, "झाले," आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. सासरेबुवा औषध प्यायले. मग निरीक्षकांनी आपला उरलेला डबा पुढे केला. जेवणाआधीची वेळ अखेर संपली होती. सासरेबुवा चार घास खाऊन जरा सावरले, चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांची मान हळूहळू बाजूला वळली. काट्याच्या आकड्याकडे.

"हा दोन किलो कमी दाखवतोय," ते म्हणाले.

भंगारवाला उभा राहिला. "साहेब, तुम्ही आजारी आहात. आजारपणात वजन उतरतं."

"सकाळीच केलंय वजन, जावयाच्या बाथरूममधल्या काट्यावर."

"तो बरोबर आहे कशावरून?"

"तोही चुकीचाच आहे. पण तो किती चुकीचा आहे ते मला माहीत आहे."

निरीक्षकांनी खडू घेऊन त्या काट्यावर फुली मारली. सासरेबुवांना त्यावरून उठवायला मात्र कुणी धजेना, त्यामुळे जप्त झालेल्या मालावर ते तसेच बसून राहिले. तेवढ्यात बायकोचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला आणि जे काही ऐकावं लागेल ते ऐकायला बाजूला उभा राहिलो.

"बाबा! कसं वाटतंय? मी ट्रेनिंग सोडून निघतेय."

"काही निघू नकोस. बरा आहे मी. जेवलोय." त्यांनी रिकामा डबा निरीक्षकांकडे दिला. "आणि ऐक. मी ठरवलंय. मी परत जात नाही. तुमच्याकडेच राहतो."

पलीकडून आवाज आला तो भरलेला. "खरंच, बाबा? म्हणजे... त्याच्यावर भरवसा बसला तुमचा?"

सासरेबुवांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, काटा तपासताना पाहतात तसं.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "म्हणूनच राहतोय. इतकी वर्षं तू याच्याबरोबर एकटी राहतेयस, याची मला कल्पनाच नव्हती गं."

बायको हसत होती आणि रडत होती. निरीक्षक कुंडीकडे बघत होते. माझ्या अपमानाने कुणाचं इतकं भलं झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी सासरेबुवांच्या काखेत हात घातला, त्यांना हळूच उभं केलं आणि आम्ही घरी जायला निघालो.